दोन बायांची गाडी

कणकुंबीची गाडी मी वाचून धरत नाही.
कानडी मला बोलता येतं, भांडता येतं,
शनिवारी बाजारात मसुरीचा भाव पाडता येतो,
वाचता येत नाही.
पण बोर्डावर बघायचं,
डोईवर चुंबळ, हात कमरेवर,
अशी एक बाई उभी असते.
मग मधे कसलंतरी अक्षर,
आणि परत तीच बाई,
ह्या खेपेला काखेत पोर घेऊन.
दोन्ही दिसल्या की चढायचं.
चाळीस वर्षांत एकदाच चुकलो, कित्तूरला गेलो,
तेव्हा अंगात ताप होता.

म्हणून जावयाचा फोन आला,
"सुनेत्राला दिवसांच्या आधीच दवाखान्यात घातलंय,
विमानतळापर्यंत यायला जमणार नाही मला,
एकट्या याल काय?"
तेव्हा मी एवढंच विचारलं,
"बोर्ड असतात न्हवं?"

सांबऱ्याला भाचा दारापर्यंत.
त्यानं तीन चिठ्ठ्या लिहिलेल्या,
बेंगळूरची, दोह्याची, कोपनहेगनची,
तिन्ही सारख्याच कागदावर, गाढवानं.
मी एकीला हळदीचं बोट लावलं,
एकीचा कोपरा फाडला,
तिसरी तशीच.

दोह्याला एक पिवळं अस्वल बसलंय,
घराएवढं, डोक्यातून दिवा उगवलेला.
कुणी केलंय, कशाला केलंय, कळलं नाही.
त्याच्या पायाशी बसून मी मांडा सोडला.
नुसता चुरा झालेला. चुराच खाल्ला.

शेवटच्या गावात शिक्का मारणाऱ्या पोरानं
पासपोर्ट बघितला, मला बघितलं.
"येल्लूबाय घाडी?"
माझं नाव त्याच्या तोंडात
नव्या भांड्यासारखं वाजलं.
होय की, म्हटलं.

मग मेट्रो.
गाडी आली, मी सवयीनं पुढं जाऊन बघितलं,
आमच्यात गाडी ड्रायव्हरच्या तोंडावरनंही ओळखतात.
ड्रायव्हरच नव्हता.
काचेला नाक लावून एक पोरगं बसलेलं,
रूळ बघत, जणू तोच हाकतोय.
दारं मिटली. गाडी गेली. आपली आपण.
दुसरी आली, तीपण तशीच.
घाबरलो. खोटं कशाला बोलू.

शेजारी एक म्हातारी, सायकल धरून.
मी तोंड उघडलं, तर मराठी आली नाही.
आलं ते असं,
"बस्स एल्लिगि होक्कैति, अक्का?"
परक्या माणसाला विचारायची भाषा
माझ्या जिभेला एकच ठाऊक.

तिनं चिठ्ठी वाचली, फाटक्या कोपऱ्यासकट.
"येल्लो," म्हणाली. "येल्लो, येल्लो."
होय, म्हटलं, मीच.
वाटलं, लेकीनं हिला आधीच सांगून ठेवलंय.
मग तिनं भिंतीवरच्या नकाशात
हळदीच्या रंगाच्या रेघेवरनं बोट ओढत नेलं,
आणि नऊ बोटं दाखवली.
दहावं सायकलच्या घंटीवर होतं.

मी पेरं मोजत बसलो.
सात झाल्यावर कुणीतरी उठून जागा दिली,
मी बसलेलीच होतो, तरी दिली.
नवव्याला जावई उभा, दाढी वाढलेली.
"मुलगी," म्हणाला. मग म्हणाला, "दोघी बऱ्या आहेत."
मी त्याला मांड्याची रिकामी पिशवी दिली.
काय द्यावं ते सुचलं नाही.

आज तीन महिन्यांनी स्टँडवर उतरलो,
तर बोर्ड बदललेले.
लाल दिव्यांची अक्षरं पळतात.
चुंबळवाली येते, जाते,
काखेतलं पोर घेऊन दुसरीही पळते,
डोळा ठरायच्या आत
कसलीतरी वेळ, कसलातरी आकडा.

कंडक्टरला विचारलं, एल्लिगि होक्कैति?
त्यानं बॅगेला लोंबणारी चिठ्ठी बघितली,
"कणकुंबी, मावशी. चढा की."

मी आधी पुढं जाऊन बघितलं.
ड्रायव्हर होता.
तंबाखू मळत होता.
मग चढलो.